पेशींना गुरुवारची सुट्टी नसते

लॅबमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. जेवणाचा डबा उघडला की एक जण सुरू करतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि हात वाळले तरी उठायचं कुणी नाव घेत नाही! आमची लॅब चाकणच्या कारखान्यांच्या मधोमध. तिथे आम्ही रक्तातल्या टी-सेल, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी, वाढवतो.

*

परवा त्या पेशी कोरड्या बर्फात पॅक होऊन आल्या. कुरिअरवाला दारातूनच ओरडला, "मॅडम, लवकर घ्या! तुमचा टी उकळायला लागलाय!"

खोक्यावर मोठ्ठा 'टी' आणि फटीतून वाफ. त्याचं तरी काय चुकलं?

*

माझा नवरा कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर आहे. त्याला एकदा सांगितलं, की दोन इशारे मिळाल्याशिवाय टी-सेल जागी होत नाही.

"म्हणजे आमची प्रेस! दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय हलत नाही."

"हो. आणि आत एक प्रोटीन असतं. इशारे पोचले की ते पेशीला कामाला लावतं, वर भरपूर साखरही खाऊ देतं."

"खायला घालणारा सुपरवायझर?" तो म्हणाला. "आमच्याकडे पाठव की त्याला!"

*

त्या प्रोटीनवर काम करते ती विद्या, आमची लातूरची. कधी कधी या पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात. प्रोटीनला अडवलं तर त्या गप्प राहतील का, हा तिचा प्रश्न. राहिल्या तर औषधाचं काम पुढे जाणार, नाहीतर प्रकल्प बंद आणि विद्या लातूरला परत.

तिने स्टोअरला निरोप दिला, "ग्लुकोज संपलंय, अर्जंट पाठवा!" संध्याकाळी ग्लुकोज बिस्किटांची खोकी हजर! पेशी उपाशी, आणि आम्ही आपले आठवडाभर चहात बुडवून खातोय.

*

आमच्याकडे गुरुवारी कारखाने बंद, त्यामुळे वीजवालेही दुरुस्ती तेव्हाच काढतात. नव्या विद्याला हे कुठे ठाऊक? वीज गेली, पेशींना ऊब देणारा इन्क्युबेटर बंद पडला, बॅटरीनेही मान टाकली. ती रडकुंडीला येऊन शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेली. मालक दत्ताभाऊ, मूळचे मोशी गावचे, सुट्टीतही हिशेबाला आलेले.

"जित्ता माल हाय? मग इचारता काय, घ्या लाईन!" म्हणत त्यांनी जनरेटरची वायर स्वतः ओढून दिली. मग म्हणाले, "पेशींना गुरुवारचीबी सुट्टी न्हाई व्हय? लई कडक कंपनी तुमची!"

या माणसाचे आभार किती मानावेत, मला अजून कळलेलं नाही.

*

विद्याचा शेवटचा प्रयोग. रक्त देणारा ऐनवेळी तापाने आडवा झाला. दत्ताभाऊंना कळलं तसे बाह्या सरसावतच आले. डॉक्टरांनी तपासलं, संमतीची सही झाली.

"घ्या बिनधास्त! पैलवानाचं रक्त हाय. आमच्या घरात हाक मारल्यावर पडून राहणारं कुणी न्हाई!"

विद्याने त्यांच्या पेशी दोन बाटल्यांत घातल्या, एकीत प्रोटीन अडवणारं औषध टाकलं आणि दोन्हींना इशारे दिले. साध्या बाटलीतल्या उठून साखरेवर तुटून पडल्या. औषधाच्या बाटलीत प्रोटीन अडलं, आणि पेशी गप्प! प्रकल्प वाचला. विद्या डोळे पुसत थेट वर्कशॉपकडे धावली, मी तिच्या मागे.

"भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू! जमलं! एवढं उठवलं, पण औषध घातल्यावर तुमच्या पेशी उठल्याच नाहीत!"

दत्ताभाऊंनी मशीन बंद केलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"ताई, एवढं मोशीत कुणाला सांगू नका!"