ज्याच्या हातात तवा

बिडाच्या तव्यावर कसं, रोजच्या तेलाचं पूट चढत चढत तवा काळाभोर, गुळगुळीत होतो, तसंच किश्श्यांचं. मुद्दाम कुणी गोळा करत नाय. छावणीच्या बाजाराजवळ माझी ऑम्लेटची गाडी लागते. तिच्यामागं इतकी वर्षं उभी राहिले, की आता कुणी "आज्जी, सांगा की एखादा" म्हणलं की कुठला आधी काढू, असं होतं!

आधी आमच्या गाडीचा रिवाज ऐका. तवा ज्याच्या हातात, हुकूम त्याचा. बाकीच्यांनी कांदा चिरायचा. हुकूमही लांबलचक नाय, नुसतं म्हणायचं, "कांदा!"

औंदा माझा उजवा खांदा धरला आन् घरात एकच प्रश्न पडला, तवा कुणाकडं? लेक दिनकर म्हणायचा, "हक्क माझा." सून संगीता खाली मान घालून कांदा चिरायची. तिच्या माहेरी अंडं उंबऱ्याच्या आत येत नाय, ती आजही तोंडात घालत नाय. आन् आमचं जुनं गिऱ्हाईक, पलटणीतून रिटायर झालेले सुभेदार, त्यांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "आज्जी, ज्या दिवशी ऑम्लेट फाटकं आलं, त्या दिवसापासून मी पलीकडच्या पोह्यांच्या गाडीवर!"

* * *

हा तवा मी गुलमंडीच्या बाजारातून आणला. दुकानदारानं चकचकीत, पातळ पत्र्याचे पॅन मांडले. "घ्या मावशी, लई हलकाय!"

मी म्हणलं, "हलका तवा आन् हलका माणूस, दोघंबी लवकर तापतात." बिडाचा काढायला लावला. खोलगट, दांडी लांब, कडा बाहेरच्या अंगाला वळलेली. कडा सरळ उभी असली की ऑम्लेट तिथंच धडकून दुमडतं. वळलेली असली की घसरगुंडीवरून सुटल्यागत सुटतं.

पण पारखल्याबिगर कसं घ्यायचं? दुकानदाराच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, तव्यात टाकला आन् मनगटाला एक झटका दिला. रुमाल हवेत उलटला आन् परत तव्यात!

दुकानदार घाईघाईनं तवा बांधायला लागला. म्हणला, "मावशी, कुणी टोपीवाला गिऱ्हाईक यायच्या आत न्या एवढा!"

* * *

संगीता नवीन लग्न होऊन आली, तेव्हाची गोष्ट. पोरीला वाटलं, सासूला खूश करावं. दुपारभर बसून तिनं विटेच्या चुऱ्यानं तवा घासला. काळं पूट सगळं गायब, तोंड दिसंल असा तवा!

संध्याकाळी पहिलं अंडं फोडलं, ते तव्याला धरून बसलं. दुसरं, तेबी तसंच. उलथनं घालावं तर चिंध्या. संगीताच्या डोळ्याला पाणी. शेजारचे चहावाले रशीदचाचा वाकून बघत म्हणले, "आपा, बहू ने तवे को दुल्हन बना दिया! अब वो किसी को छोड़ता नहीं!"

तेवढ्यात गिऱ्हाइकानं विचारलं, "आज सगळ्यांना भुर्जीच कशी?"

मी म्हणलं, "आज भुर्जीचा वार आहे. कॅलेंडर बघत नाय का तुम्ही?"

तेव्हापासून तव्याला साबण नाय, वीट नाय. जाडं मीठ आन् अर्धा कांदा फिरवायचा, वरून तेलाचं बोट.

* * *

दिनकरला मोबाइलवर व्हिडिओ बघायचा नाद. त्यात कुणी तरी ऑम्लेट उंच उडवून झेलतो. मी शंभरदा सांगितलं, "अरे, वर फेकायचं नसतं. आधी तवा हलवून ऑम्लेट मोकळं झालंय का बघायचं, मग पुढं ढकलायचं आन् झटकन मागं ओढायचं. उलटायचं काम कडा करते."

"आई, जमाना बदलला," म्हणला, आन् दिलं भिरकावून!

पुढं मोटरसायकलवर एक जण हेल्मेट घालून पार्सलची वाट बघत होता. ऑम्लेट बरोबर त्याच्या डोक्यावर बसलं, एकदम गोल. त्यानं हात वर नेला, चाचपलं, एक तुकडा तोडून तोंडात टाकला आन् म्हणला, "मिरची कमी टाका म्हणलं होतं ना!"

* * *

नात आर्या हॉटेल मॅनेजमेंट शिकते. एका दिवशी नॉनस्टिक पॅन घेऊन आली. "आज्जी, आज फ्रिटाटा!" अंडी, बटाटा, ढोबळी मिरची, वर चीज. म्हणली, "हे उलटायचंच नसतं. ओव्हनमध्ये वरून भाजायचं."

गाडीवर ओव्हन कुठला! तिच्या पॅनची दांडी प्लॅस्टिकची, म्हणून सगळं माझ्या तव्यात ओतलं, आच मंद केली, वर पत्र्याचं झाकण ठेवलं. रशीदचाचांनी भट्टीतले निखारे दिले, ते झाकणावर पसरले. थोड्या वेळानं उघडलं, तर फुगून टम्म, वरून तांबूस!

आर्या टाळ्या पिटत म्हणली, "बघ आई, न हलता दोन्हीकडून भाजलं!"

संगीता कांदा चिरता चिरता म्हणली, "म्हंजे माझ्यागतच. वरून तुझी आज्जी, खालून तुझा बाप!"

चाचांच्या हातातला कप सांडला.

घरी जाताना आर्या माझ्या कानाशी लागली. "आज्जी, आई हल्ली भाकरी हात न लावता उलटते. तवाच झटकते. काल एक मांजरावर पडली."

मी म्हणलं, "तू काय बघितलं नायस."

* * *

आन् हा परवाचा. बाजाराचा दिवस, गाडीपुढं ही गर्दी! सुभेदारांचं ऑम्लेट तव्यावर, खालची बाजू झालेली, वरची ओली. मी झटका द्यायला हात उचलला आन् खांद्यात अशी कळ आली, की हात तिथंच अडकला. ना पुढं, ना मागं. कडेनं धूर निघायला लागला.

"सर आई, मी घेतो!" म्हणत दिनकर धावला.

त्याच्या आधी संगीताचा हात आला. नाकाला पदर बांधलेला, दांडी घट्ट धरलेली. तिनं तवा एकदा हलवला. ऑम्लेट मोकळं फिरलं. मग पुढं ढकललं, मागं ओढलं.

ऑम्लेट हवेत उलटलं आन् अख्खंच्या अख्खं परत तव्यात!

सुभेदारांनी बशी उजेडात धरून फिरवून बघितली. खाल्लं. पावानं बशी पुसली. मग म्हणले, "अजून एक."

मी बाकावर बसून खांदा चोळत होते. संगीतानं अर्धा कांदा तव्यावर फिरवला, तेलाचं बोट लावलं, अंडं फोडलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

"आत्याबाई," म्हणली, "कांदा!"

मी डाव्या हातानं विळी पुढं ओढली.