जाळलेली रिंग

मोटर जळून आली की आधी तिला आणखी जाळायची, ही आमच्या धंद्याची रीत. जुनी तार वार्निशनं खाचांत घट्ट बसलेली असते, ओढून निघत नाही. गोवऱ्या रचायच्या, मोटरीची बॉडी वर ठेवायची आणि धूर संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग तार आपोआप सैल होते. बुऱ्हाणपुरातल्या मागांच्या, आसपासच्या विहिरींच्या किती मोटरींत मी अशी नवी तार भरली ते मोजलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पण माझ्या हातची मोटर परत आली नाही, हे मी तोंड वर करून सांगत आलो.

लेक शिकली. आयटीआय केलं, इंदूरला कारखान्यात होती. मग घरी आली आणि माझ्याच खोलीत सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करायला बसली. शेतातल्या सोलरच्या प्लेटा आणि पंप यांच्या मधे जो डबा असतो, तो. पाटी मात्र तिनं माझ्याच नावाची ठेवली. "आप्पा, तुमच्या नावावर लोक दारात तरी येतील," म्हणाली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. लोक येत, पण डबा माझ्यापुढं ठेवत. तीच पाहील म्हटलं की तोंड वाकडं करत.

उन्हाळ्यात जसोंडीचा एक केळीवाला डबा घेऊन आला. आतला चोक जळला होता. चोक म्हणजे बांगडीएवढी जाड रिंग, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. प्लेटांचा करंट तिच्यातून सांभाळून पुढं जातो. लेकीनं पाहिलं, म्हणाली, "रिंग चांगली आहे, फक्त तार जळालीय. नवी रिंग यायला आठ दिवस लागतील, हीच वापरू. आप्पा, तार हातानं सोडवा, फेरे मोजून ठेवा."

"आता तू मला फेरे मोजायला शिकव," मी म्हटलं. ती हसली आणि दुसऱ्या कामासाठी शाहपूरला गेली.

वार्निश दगडासारखं झालं होतं. दोन फेरे निघाले, तिसऱ्याला नख तुटलं. मी उठलो, परसात गोवऱ्या रचल्या आणि रिंग वर ठेवली. तार सुटली. रिंगचा पिवळा रंग जाऊन ती काळी पडली. लोखंड ते, काळंच पडणार. वर कापडी पट्टी गुंडाळली, तेवढेच फेरे नवी तार भरली, वार्निश दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं डबा जोडून गच्चीवरच्या प्लेटांवर थोडा वेळ चालवला. केळीवाला खुशीत घेऊन गेला.

दोन दिवसांनी तो डबा घेऊन परत दारात. "सकाळी चालतो, बारा वाजले की बंद. ऊन भर झालं की हात लावू देत नाही, इतका तापतो. केळीला पाणी कवा देऊ, चांदण्यात?" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मिस्तरी, तुमच्या हातची माझ्या बापाची मोटर अजून चालू है. हे बाईचं काम दोन दिवस नाही टिकलं."

मलाही वाटलं, पोरीचंच काही चुकलं असेल. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं खरं.

तो गेल्यावर तिनं चोकवरची तार काढली, पट्टी सोडवली आणि थांबली.

"आप्पा, जाळली?"

"मग काय तार दातानं काढू? पन्नास वरसं जाळतोय."

"मोटरीत पत्रे असतात. पत्र्यापत्र्यात वार्निश का असतं?"

"लोखंडात करंटचे भोवरे फिरू नयेत म्हणून. नाहीतर लोखंड तापतं. मला विचारतेस?"

"मग इथं पत्रे नाहीत, पिठासारखी लोखंडाची भुकटी आहे. कणाकणावर लेप देऊन दाबून रिंग केलीय. जुन्या चोकमधे जास्त करंट पेलावा म्हणून तुम्ही कागद घालून फट ठेवायचे ना, ती फटसुद्धा ह्या कणाकणांत वाटलेली आहे. तुम्ही तो लेपच जाळला."

"कारखान्यातलं मला सांगू नको."

ती वाद घालत बसली नाही. माझं काट्याचं मीटर घेतलं. पेटीतल्या दुसऱ्या एका लहान रिंगचा रंग खरवडून दोन्ही पिना टेकवल्या. काटा जागचा हलला नाही. मग माझ्या रिंगवर टेकवल्या. काटा सरळ पलीकडं गेला, म्हणजे करंट आरपार. मीटर माझंच होतं, त्याला खोटं कसं पाडू?

"नवी रिंग मागवते," ती म्हणाली. "त्याला सांगेन, माझं चुकलं."

"तुझं कसं?"

"नाव तुमचं आहे आप्पा. ते राहू द्या."

मी नको म्हणायला हवं होतं. जेवायला बसलो. तिनं फोन करून त्याला तसं सांगितलं, तेही मी जेवता जेवता ऐकलं. आठवड्यात दोघं जण येऊन आपापले डबे न उघडताच परत घेऊन गेले. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, पोरीला आता बसवा घरी."

त्या दिवशी मी जळकी रिंग खिशात घातली आणि बसनं जसोंडीला गेलो. केळीवाला बागेत होता. पाण्यावाचून पानं मधोमध दुमडून खाली लोंबत होती. शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप ओढून तो एकेका झाडाला पाणी देत होता. मी रिंग पुढं धरली. म्हटलं, "ही मी जाळली. तिनं हातानं सोडवायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिची काही चूक नाही."

त्यानं रिंग फिरवून पाहिली आणि हसला. "बाप आहात मिस्तरी. बाप असंच बोलणार."

"अरे, मी खरं सांगतोय!"

"पन्नास वरसांत हात चुकला नाही, अन् आताच चुकला? छोडो. चहा घ्या."

मी ओरडलो. बागेतली माणसं वळून पाहायला लागली. जितका मी ओरडलो, तितका तो समजूतदार होत गेला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं, झालं ते झालं. नवी रिंग आली की तुम्ही स्वतः भरा. बाईला हात लावू देऊ नका."

मी म्हटलं, "तीच भरेल. पटत नसेल तर दुसरीकडं ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि उघडा डबा तसाच उचलून घेऊन गेला.