बाबांनी मागे घेतलेला धडा

माझे बाबा देवासच्या अग्निशमन दलात होते. कारखान्यात तेलाने पेट घेतला की नुसत्या पाण्याने भागत नाही, फोमचा फेस मारावा लागतो. त्यात बाबांइतका तरबेज दुसरा कोणी नव्हता. नव्या भरतीला तेच शिकवायचे. सराव झाला की उरलेल्या फेसाने सगळे हात धुवायचे, गाडीही पुसायचे. "साबणच आहे तो," बाबा म्हणायचे. घरी त्यांची वर्दी आमच्या फ्रॉकांबरोबरच भिजत पडायची.

मी धारला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बाबांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना देवासला गेले होते. त्यांनी फोमच्या डब्यासोबत आलेलं इंग्रजी पत्रक पुढे केलं.

"वाचून सांग. सही करून सगळे फाइलला लावतात, वाचत कोणीच नाही."

मी वाचलं. फोममध्ये फ्लोरीनची संयुगं होती. ती मातीत, पाण्यात विघटित होत नाहीत, रक्तात वर्षानुवर्षं राहतात. त्यांतल्या काहींचा संबंध मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी लावला जातो. हे सांगताना मी अडखळत होते.

"पोटात कशी जातात?"

"हाताला लागलेलं जेवताना जातं, बाबा."

"आम्ही तर हात धुऊनच जेवायचो," ते हळूच म्हणाले. "त्यानेच धुऊन."

दुसऱ्या दिवशी ते मला फायर स्टेशनवर घेऊन गेले. हजेरी झाल्यावर सगळ्यांसमोर उभे राहिले.

"भिया, फोम से हाथ धोना मैंने सिखाया था. गलत सिखाया. आज से बंद."

एक जुना ड्रायव्हर हसला. "उस्ताद, इतने साल में कुछ हुआ क्या?"

"पता नहीं. इसीलिए बोल रहा हूँ."

मग मी हिंदीतून समजावलं. तासभर प्रश्न येत राहिले. त्याच आठवड्यात बाबांनी अर्ज दिला: सराव साध्या पाण्याने व्हावा, हातमोजे मिळावेत, वर्दी स्टेशनवरच धुतली जावी. चार वेळा साहेबांकडे खेटे घातले. धुलाईचं मशीन ते निवृत्त व्हायच्या आधी आलं. फ्लोरीन नसलेला फोम यंदा आला. जुने डबे अजून शेडमध्ये आहेत. त्यांचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही. बाबा दरवर्षी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतात. आतापर्यंत सगळं ठीक आहे.

निरोप समारंभात भाषणं झाली ती त्यांनी विझवलेल्या आगींवर. मीही टाळ्या वाजवल्या. पण माझी मान ताठ झाली होती ती त्या सकाळी, हजेरीच्या रांगेसमोर "गलत सिखाया" म्हणताना त्यांचा आवाज जराही खाली आला नाही तेव्हा.