पोतंभर भीती

भीती नावाची गोष्ट आमच्या घरमालकांच्या वाट्याला जन्मतः आलीच नव्हती. आली ती पन्नाशीनंतर, आणि आली तेव्हा पोतंभर आली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आखाडा बाळापूरच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा हा माणूस आजवर जिवंत कसा राहिला याचंच मला नवल वाटायचं. लाईट आहे की नाही हे बघायला ते उघड्या तारेला बोट लावत आणि हात झटकून म्हणत, "हाय लाईट." शेळ्यांच्या गोठ्यात साप निघाला तर त्याला शेपटीला धरून, वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत, सावकाश ओढ्यापलीकडे सोडून येत. त्यांच्या लुनाला ब्रेक नव्हता. एकदा शाळेला उशीर झाला म्हणून मी मागे बसले, आणि बाजाराच्या दिवशी, कळमनुरीकडून येणाऱ्या ट्रकच्या नाकासमोरून आम्ही चौक पार केला. उतरल्यावर मी "काका, ब्रेक का नाही बसवत?" म्हटलं, तर निवांतपणे म्हणाले, "थांबायचं असलं तर निघायचं काहून, बाई?" त्या दिवसापासून मी शाळेत पायी जाऊ लागले.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं आणि दारात शेळ्या. काकूंनी कुठून तरी ऐकलं, की नांदेडच्या एका संस्थेतल्या लेकरांना दत्तक आईबाप मिळेपर्यंत घरात सांभाळणारी माणसं हवी असतात. सांभाळायचं, आणि आईबाप मिळाले की द्यायचं. काकूंनी हट्टच धरला. काका म्हणाले, "मरतुकडी करडं जगवतो मी, लेकराचं काय येवढं?" मग संस्थेच्या ताई घर बघायला आल्या. कडक बाई. ओसरीवर बसून त्यांनी एकेक नियम समजावला. अंगणातला आड उघडा नको, रॉकेल आणि फवारणीचं औषध लेकराच्या हाताला लागेल असं नको, चुलीपाशी लेकरू एकटं नको, वायर लोंबती नको, शिंगाचं जनावर जवळ नको. "यातलं एकही चुकलं तर लेकरू परत नेईन," त्या म्हणाल्या. काका मान हलवत होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळत चाललं होतं. आपल्या घरात माणूस मरायच्या इतक्या सोयी आहेत, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असावं.

आणि मग सखू आली. आठ-नऊ महिन्यांची, केस उभे, नाक चपटं, आणि कुणाकडेही बघून खुदकन हसणारी. तिला मांडीवर घेतलं आणि आमचे घरमालक कामातून गेले! अहो, काय काय सांगू? आडावर पत्रा घातला, पत्र्यावर दगड ठेवला, आणि तो दगड त्यांच्याशिवाय कुणाला हलेना. मग मी सकाळी पाण्यासाठी त्यांच्या नावानं हाका मारत उभी. रॉकेलचा डबा आढ्याला टांगला. तो काढायला शिडी लागे, पण शिडीवर लेकरू चढेल म्हणून शिडी शेजाऱ्याकडे ठेवलेली. म्हणजे चहासाठी स्टो पेटवायचा असला तर काकूंनी आधी शेजाऱ्याचं दार वाजवायचं. चुलीभोवती कमरेएवढी भिंत घातली. काकू लुगडं खोचून ती ओलांडायच्या आणि ओरडायच्या, "भाकरी टाकायला चालले का गड चढायला, माय!" शेळ्यांच्या शिंगांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले. ती ट्यूबवाली शेळ्यांची रांग रानात निघाली की अख्खं बाळापूर हसायचं, आणि हा माणूस त्यांच्या मागून गंभीर चेहऱ्यानं चालायचा. लुनाला ब्रेक बसवला, आणि एवढ्यानंही जिवाला बरं वाटेना म्हणून लुनाच विकून टाकली.

इथवर मी सोसलं. पण दिवसभर मेन स्विच बंद! ऐन एप्रिल महिन्यात, मराठवाड्यातल्या उन्हात, पंख्याशिवाय पेपर तपासायचे म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी तणतणत गेले, तर काका माझ्या अंबाड्याकडे बघत म्हणाले, "बाई, त्या पिना काढून ठिवा बरं. लेकराच्या तोंडात गेल्या म्हंजे?" लेकरू तिकडे ओसरीत, पिना माझ्या डोक्यात! पण त्यांनी हात पुढे केला तो केलाच, आणि मी, दहावीच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई, मुकाट्यानं पिना काढून दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याची तर दारातच झडती. कुणाचा अडकित्ता काढून घे, कुणाची तंबाखूची डबी, कुणाचं पेन. काकूंचा सख्खा भाऊ एकदा रागावून दारातूनच परत गेला. "जाऊ द्या," काका म्हणाले, "त्याच्या सदऱ्याची बटनं बी ढिलीच होती."

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी ताई न सांगता आल्या. त्यांनी आड बघितला, आढं बघितलं, चुलीची भिंत बघितली, ट्यूब लावलेल्या शेळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि त्यांच्या कडक चेहऱ्यावर कौतुक आलं. "असं घर मी अजून बघितलं नाही हो. लेकरू कुठंय?" काका छाती फुगवून गोठ्याच्या सावलीत गेले आणि तिथं पालथं घातलेलं बांबूचं भलं मोठं डालगं त्यांनी उचललं. करडं झाकून ठेवायचं असतं ना, तेच डालगं. आत सखू! मजेत बसून मक्याचं कणीस चावत होती.

ताईंच्या हातातली पिशवी गळाली. "अहो, हे लेकरू आहे की करडू?"

"वरून घार न्हाई, बाजूनं कुत्रं न्हाई," काका म्हणाले. "तुमच्या नियमात बराबर बसून राहिली हाय पोरगी. आजवर येक खरचटा न्हाई अंगावर. बघा तुमी."

मी तिथंच उभी होते. सांगते ना, मलाही धक्का बसला. कारण इतके दिवस मी ते डालगं येता-जाता बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. ताईंनी सखूला उचलून जमिनीवर उभं केलं. तिचे पाय कणकेसारखे दुमडले. पुन्हा उभं केलं, पुन्हा दुमडले. एवढी पोर, या वयाची लेकरं घरभर पळतात, आणि हिला उभं राहता येत नव्हतं. पायाला जमीन लागलीच कुठं होती? काकांच्या कडेवर, नाही तर डालग्याखाली. ताई उठल्या आणि सरळ म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येते. तोवर ही उभी राहिली नाही तर हिला घेऊन जाईन. हिला खाली सोडा. पडू द्या."

"पडू द्या?" काकांनी सखूला परत कडेवर घेतलं. "ताई, तुमी येवढं सगळं सांगितलं, त्यात पडू द्या कुठं होतं?"

तो महिना मी विसरणार नाही. सखूला अंगणात सोडायचं, ती भिंतीला धरून उठायची, डुगडुगायची, आणि ती पडायच्या आधीच काका ओरडायचे. ती दचकून पडायची. सगळ्या अंगणात त्यांनी घोंगड्या अंथरल्या. त्यात पाय अडकून ती आणखीच पडायची. मी घोंगड्या ओढून काढल्या. भांडण झालं आमचं. "तुमचं काय जातंय बाई, तुमाला काय, तुमचं लेकरू हाय का?" असं ते मला म्हणाले, आणि मग स्वतःच खाली बसून म्हणाले, "माझं तरी कुठं हाय." शेवटी काकूंनी काय केलं असेल? काकांच्याच डोक्याचा पटका सोडला आणि त्यांचे दोन्ही हात ओसरीच्या खांबाला बांधून टाकले. बैल बांधावा तसे! साप धरणारा तो माणूस खांबाला बांधलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि समोर सखू पडतेय, रडतेय, उठतेय. गुडघे फुटले, ओठ फुटला. काकू हळद लावायच्या आणि पुन्हा सोडायच्या. एका सकाळी ती भिंत सोडून, हात वर करून, चार-पाच पावलं टाकत थेट शेळीपर्यंत गेली आणि तिच्या ट्यूबवाल्या शिंगाला लोंबकळली. "चालली! काका, डोळे उघडा, चालली!" मी किंचाळले. त्यांनी डोळे उघडले आणि ढसाढसा रडायला लागले. पुसायला हात मोकळे नव्हते.

ताई आल्या, सखू त्यांच्या अंगावर धावत गेली, आणि सगळं ठीक झालं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला, की औरंगाबादचं एक जोडपं सखूला दत्तक घेणार आहे. काकू आत जाऊन बसल्या. काका मात्र ताईंना म्हणाले, "माझं घर तुमी कोपरा न् कोपरा पाहिलं. त्यांचं घर मी पाहणार." असं काही करता येत नाही, असं ताईंनी सांगून बघितलं. "मंग मी तुमच्या दारातच बसतो," काका म्हणाले. शेवटी त्या कडक बाईंचंही मन विरघळलं. शहरातल्या वस्तू मला कळतात म्हणून काकांनी मलाही सोबत घेतलं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. ते जोडपं परीक्षेला बसल्यासारखं हात जोडून उभं. काकांनी सखूला माझ्याकडे दिलं, धोतर खोचलं, आणि चक्क गुडघ्यांवर टेकून रांगायला लागले! "लेकरू जितकं उंच, तितक्यातनं बघावं लागतंय," म्हणाले. पलंगाखाली गेले, गॅसखाली गेले, विजेची बटणं चाचपली, फरशीला गाल लावून बघितलं. मी शरमेनं अर्धमेली. आणि तेवढ्यात तो नवा बाप, इस्त्रीच्या पँटसकट, खाली वाकला आणि काकांच्या मागोमाग रांगू लागला. "इथं काय बघायचं, काका? हे कसं करू?" काका त्याला सांगत होते. सगळ्यात शेवटी ते गॅलरीत गेले. लोखंडी जाळी दोन्ही हातांनी धरून हलवली. परत हलवली. मग पाय रोवून, सगळा जोर लावून हलवली.

"कसंय घर, काका?" सोबत आलेल्या ताईंनी विचारलं.

बराच वेळ त्यांनी जाळी सोडली नाही. मग म्हणाले, "बराबर हाय. द्या."

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीवर पालथे. जालना गेलं, मंठा गेलं. मीच आपलं म्हटलं, "काका, चांगलं घर मिळालं हो पोरीला. काही म्हणता काही खोट नाही."

"न्हाई," ते म्हणाले. "ती जाळी मी लई हलवून पाहिली, बाई." मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "जरा तरी हलायला पाहिजे होती."