पटलाला वेळ द्यावा लागतो

शालिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालेगावच्या बसस्थानकावर रिसोडच्या गाडीची वाट पाहत होतो. तिलाच भेटायला निघालो होतो. फोन तिच्या धाकट्या भावाचा, गजाननचा होता. "दादा, ताई गेली... तू ये पण," एवढंच तो बोलला.

शालिनीताई माझी चुलत बहीण. रिसोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिने जीवशास्त्र शिकवलं. पेशीपटल हा तिचा आवडता धडा. स्निग्ध पदार्थाचे दोन थर, त्यांत प्रथिनांची दारं, आणि काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं याचा अखंड निवाडा, असं ती सांगे. मग सोयाबीनचे दाणे पेल्यात भिजवी. ज्या दाण्याचं पटल फाटलेलं, त्यातलं सत्त्व झिरपून पाणी गढूळ होई.

एका उन्हाळ्यात तिने गजाननचं घरचं बियाणं असंच तपासलं. पाणी गढूळ झालं. "हे उगवत नाही," ती म्हणाली, आणि त्याने ते तेलाच्या कारखान्याला देऊन टाकलं. त्यातलंच एक पोतं शेजारच्या रुख्माकाकूंनी आधी नेलं होतं. त्यांचं शेत ओळीत खंड न पडता उगवलं. काकू बांधावरूनच म्हणाल्या, "काहून वं बाई, तुह्या गिलासात मेलेलं बेणं माह्या वावरात जितं कसं झालं?" गजानन हसला नाही. त्याने बहिणीला बियाणं दाखवणं बंद केलं.

ताईने पुस्तकं काढली. कडक वाळलेल्या दाण्यात पटल विस्कटलेलं असतं. त्याला एकदम पाण्यात टाकलं, तर ते सावरण्याआधीच पाणी आत घुसतं आणि चांगला दाणाही गळतो. ओल हळूहळू मिळाली, की पटल आपलं आपण जुळून येतं. पुढच्या वर्षी तिने आपली चूक आधी वर्गात सांगितली, मग गजाननच्या ओसरीवर.

"मी चुकली होती. यंदा वल्या गोणपाटावर ठेवून पाहू."

"अन् पुन्हा चुकली तं?"

"तं काकूले इचारजो."

तेव्हा तो हसला. त्या वर्षीचं बियाणं उगवलं, आणि त्यानंतरचंही.

ताईला जाऊन आता काही महिने झाले. पेरणीच्या तोंडावर, गेल्या आठवड्यात मी रिसोडला गेलो. ताईच्या खोलीत तिच्या टेबलावर गजाननने यंदाचे दाणे ओल्या फडक्यात मांडले होते.

"घरात दुसरी जागा नव्हती काय?"

"हाय ना. पण तिले दाखोल्याबिगर पेरत नाही मी."

मी फडक्याची कड उचलून पाहिली. काही दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते... किती उगवले ते मोजू का, असं मी विचारलं.

"आज नोको," तो म्हणाला आणि कड परत झाकली. "बाकीच्यायले अजून दोन दिस लागतात."