व्हिडिओतला पाऊस

तुपात भाजलेल्या पिठाचा वास आला की मला सात रस्त्याजवळच्या आमच्या गल्लीतली बेकरी आठवते आणि तोंड कडू होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या बायका घरचं पीठ, तूप, साखर घेऊन तिथं नानकटाई भाजून घ्यायला जायच्या. आपलं तूप दुसरीच्या नानकटाईत जाऊ नये म्हणून भट्टीपाशीच उभ्या राहायच्या आणि बेकरीवाले चाचा त्यांच्यासमोर पीठ मळायचे. एका मे महिन्यात सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. कुणीतरी पायानं पीठ तुडवत होतं आणि वर लिहिलं होतं, ‘सात रस्त्याची बेकरी, सावध राहा.’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू नंबरासाठी बेकरीत ठेवलेला आपला पीठ-तुपाचा डबा परत आणायला गेल्या, सोबत मीही होते. चाचांनी काकूंच्या फोनवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. “वैनी, ह्यात मागं धो धो पाऊस पडतोय की. आपल्याकडं कुटं पडलाय?” काकूंनी डबा पदराखाली घेतला. “तुमी करत नसाल, पर फोनवर आलंय म्हंजे कायतरी असंलच की.” वर्षानुवर्षं त्यांचे हात पाहिलेली ती बाई त्यांच्याकडे न बघताच निघाली. दिवाळीच्या आत बेकरीला कुलूप लागलं. परवा तोच व्हिडिओ पुन्हा आला, तोच पाऊस, फक्त बेकरी आता करमाळ्याची. पाठवणाऱ्या काकूच, आणि खाली लिहिलेलं, ‘खात्री करून पाठवतेय.’