दुपारी तीन ते साडेतीन

अंबरनाथच्या आमच्या चर्चमधल्या भगिनी मंडळाची मी सेक्रेटरी. कुणी फार आजारी पडलं की आम्ही साखळी प्रार्थना ठेवतो. प्रत्येकीला अर्धा तास वाटून द्यायचा, तिने घरीच गुडघे टेकायचे आणि उठल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेले हात टाकायचे, की पुढची बसते. कुणी वेळ चुकवली की मी तिची बिनपाण्याने करायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मंडळातल्या एका वहिनींचे मिस्टर आयसीयूत बेशुद्ध होते. माझी वेळ दुपारी तीनची. आणि मी उल्हासनगरला पडद्याचं कापड बघत बसले, साफ विसरून. साडेतीनला पुढच्या बाईचा मेसेज आला, "ताई, झालं का?" दुकानदार म्हणत होता, "दीदी, ये वाला देखो." मी एका हाताने कापड धरलं आणि दुसऱ्या हाताने ग्रुपवर जोडलेले हात टाकले.

चार दिवसांनी ते गेले. स्मरणाच्या उपासनेआधी वहिनींनी मला दारातच धरलं.

"ताई, ते एकदाच शुद्धीवर आले. सव्वातीनला. मला हाक मारली, पाणी मागितलं. मी यादी बघितली, तर तुमची वेळ. देवाने कसं ऐकलं, त्याची साक्ष आज सगळ्यांसमोर तुम्हीच द्या."

खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. वहिनींची दया आली म्हणून गिळलं, असं मी स्वतःला सांगते. पण मला माझ्या अब्रूचीही भीती वाटली. मी उभी राहिले आणि त्या अर्ध्या तासात कशी रडले, मग कशी शांती मिळाली, ते सगळं सांगितलं. लोक आमेन म्हणाले. दफनविधीतही न रडलेल्या वहिनी हमसून हमसून रडल्या. मला माझीच किळस आली.

ती साक्ष बदलापूरपर्यंत पोचली. गेल्या आठवड्यात तिथल्याच शिरगावहून एका अनोळखी आईचा फोन आला. लेक व्हेंटिलेटरवर होती.

"तुमच्या प्रार्थनेने माणूस डोळे उघडतो म्हणे. तीनची वेळ तुम्हीच घ्या हां, ताई."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्या दिवशी तीनला दाराला कडी लावून गुडघे टेकले. "प्रभू" म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. कुठल्या तोंडाने मागायचं? अर्धा तास तशीच बसले होते.

साडेतीनला फोन वाजला.

"ताई, केलीत ना प्रार्थना? ती अजून डोळे उघडत नाहीये."